मामाच्या सत्काराचं मानपत्र लिहायचंय, नुसतं 'कष्टाने वर आला' लिहून चालेल का?

माडाची_पात

नमस्कार मंडळी. पेडणे तालुक्यातून लिहितेय, कॉलेजात आहे. आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा कार्यक्रम आहे पुढच्या आठवड्यात आणि त्यात माझ्या मामाचा सत्कार ठरलाय, माजी विद्यार्थी म्हणून. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण मी मराठीत बरी आहे असा घरातल्यांचा समज.

मामाची गोष्ट थोडक्यात सांगते. आजोबा लवकर गेले. आजी भाटकाराच्या (जमीनदाराच्या) भाटात, म्हणजे बागायतीत कामाला, काजूच्या दिवसात बिया आणि बोंडू वेचायला, पावसात लावणीला, बाकी वर्षभर जे मिळेल ते. घर पण भाटकाराच्याच जागेत, म्हणजे आम्ही मुंडकार. मामा चौथीपर्यंत गावच्या शाळेत, पुढे म्हापशाला एका चहाच्या हॉटेलात कपबश्या धुवत धुवत दहावी झाला. मग स्वतःचा गाडा टाकला, भाजीपाव आणि रस ऑम्लेट, मग छोट्या छोट्या जेवणाच्या ऑर्डरी, मग कारखान्यांच्या कॅन्टीनला जेवण आणि आता तुये इंडस्ट्रियल इस्टेटच्या जवळ मोठं किचन आहे, टेम्पो आहेत, गावातलेच कितीतरी जण तिथे कामाला आहेत.

मामाला विचारलं काय काय लिहू, तर म्हणाला लिही, कष्टाला पर्याय नाही, पहाटे चारला उठायचो, बस्स. आजी तिथेच आदोळीवर नारळ खवत होती, ती मान वर न करता म्हणाली, "मगे हांव कितें न्हिदून आशिल्ली?" (मग मी काय झोपलेली होते?) सगळे हसले, मामा पण हसला. पण नंतर लिहायला बसले तर पुढे सरकेचना. आजी तर चारच्याही आधी उठायची, अजून उठते. कष्टानेच माणूस वर येतो तर मग आजी का नाही आली? आणि हे मानपत्रात लिहायचं कसं, म्हणजे मामाचा मान पण राहिला पाहिजे ना, सगळा गाव समोर असणार. कोणी असं काही लिहिलंय का आधी?


फोंड्याचो_फटिंग

गो बाय, मानपत्र आहे ते, पीएचडी नव्हे. शाल, श्रीफळ, चार ओळी, टाळ्या, मग लोक बटाटवडा खायला जाणार. लिही 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' आणि मोकळी हो.

चेष्टा सोडून एक सांगतो पण. आजकाल फॅशन झालीय, कोणी वर आला की लगेच हिशेब काढायचे, याला नशिबाने साथ दिली, त्याला सरकारने दिली, याला बायकोने सांभाळलं. अरे त्या हॉटेलात कपबश्या धुणारा तुझा मामा एकटाच होता का? बाकीची पोरं कुठे आहेत आज? आमच्या वाड्यावर दोघे भाऊ, एकाच घरातले, एकच आई, एक आज स्वतःचं गॅरेज चालवतो आणि दुसरा सकाळपासून ताव्हेर्नात (दारूच्या गुत्त्यात) बसलेला असतो. कल्पना सरोज बघ, अकोल्याकडची दलित मुलगी, बाराव्या वर्षी लग्न लावलेलं, तिथून सुटून मुंबईत होजियरीच्या कारखान्यात दोन रुपये रोजाने काम केलं आणि पुढे बंद पडायला आलेली कमानी ट्यूब्स कंपनी चालवायला घेतली, 2013 ला पद्मश्री मिळाली. हे कष्ट नाहीत तर काय आहे?


भतग्राम

फटिंगराव, कल्पना सरोज यांचं उदाहरण चांगलं दिलंत पण अर्धंच दिलंत. धंद्याची सुरुवात त्यांनी मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतून कर्ज काढून केली, शिलाई मशीन, फर्निचर असं करत. आणि कमानी ट्यूब्सकडे त्या आपणहून गेल्या नव्हत्या, कामगारच गेले त्यांच्याकडे. म्हणजे कष्ट होतेच, पण त्या कष्टाला लावायला कुठेतरी एक कडी होती.

माडाची पात, मी डिचोलीचा, शिक्षक होतो, आता घरी आहे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू जिथे मानपत्र वाचणार आहेस त्या शाळेच्या इमारतीतच आहे. आजीचं वय किती असेल? पंच्याहत्तरच्या पुढे धरतो. म्हणजे तिचं शाळेचं वय पोर्तुगीज राजवटीत गेलं. तेव्हा खेड्यातल्या कष्टकऱ्यांच्या मुलीला शाळा कुठली, कुठेतरी देवळात नाहीतर कोणाच्या तरी पडवीत मराठीचे वर्ग चालायचे तेही ज्याला परवडतं त्याला. 1961 ला गोवा मुक्त झाला, डिसेंबर 1963 ला पहिलं लोकनियुक्त सरकार आलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. मामाला शाळा घरापासून चालत जायच्या अंतरावर मिळाली, फुकट मिळाली. दहावी झाला म्हणून तो ऑर्डरचा हिशेब ठेवू शकला, टेंडरचा कागद वाचू शकला. आजीला सही करता येते का, विचारून बघ.

आणि ते सरकार ज्यांचं होतं ते भाऊसाहेब बांदोडकर तुमच्या पेडण्याचेच ना. जन्म 1911 चा, शिक्षण जेमतेम, बहुजन समाजातला माणूस, आणि पुढे खाणमालक झाला, नंतर मुख्यमंत्री. आमच्याकडे त्यांची गोष्ट सांगताना लोक नेहमी सांगतात कष्टाळू, दानशूर, शब्दाचा पक्का, ते सगळं बरोबर, पण दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं आणि ते गोव्याच्या डोंगरात होतं, हे त्यात कोणी सांगत नाही. पोर्तुगीज सरकारच्या खाणींच्या सवलती ज्यांना ज्यांना मिळाल्या ते वर गेले. त्याच खाणींवर डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायकांनी काय कमी कष्ट केले? त्या घरी जाऊन परत भाकऱ्याच भाजत होत्या. मला भाऊसाहेबांचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं, स्वतः वर गेल्यावर शाळा काढल्या आणि 1964 चा कूळ कायदा आणला. वर चढून शिडी ओढून घेणारे खूप बघितले.


ट्रकवालो_सावर्डे

खाणीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी पण पहाटे चारला उठायचो पात्रांव. बाप खाणीवर मजूर, मी आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रक, मग दुसरा. 2010, 2011 च्या आसपास माझाही सत्कार झाला असता गावात, क्लबाच्या अध्यक्षाने तर विचारलं पण होतं. आणि 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद. एका दिवसात. मधे सुरू झाल्या थोड्या आणि मग 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केली, मार्चमध्ये परत सगळं ठप्प. ट्रक दारात उभे, टायर कुजले, हप्ते चालू. मी तेव्हा काय आळशी झालो का? उलट त्या काळात जास्त राबलो, रेती मारली, चिरे मारले, मिळेल ते भाडं घेतलं, एक ट्रक विकला तो भंगाराच्या भावात.

कोर्टाचं चुकलं म्हणत नाही मी, कायदा मोडून उपसा झाला होता हे आम्हाला पण दिसत होतं, शेतात लाल गाळ यायचा. सांगायचं एवढंच की कष्ट तेच, माणूस तोच, उठायची वेळ तीच. धंदा कशावर उभा आहे ते आपल्या हातात नसतं. तुझ्या मामाने जेवणाचा धंदा निवडला हे हुशारीचं काम, लोक खायचे थांबत नाहीत.


रिटायर्ड_कॅशियर

मी बँकेत होतो, बार्देस आणि पेडण्याच्या शाखांत बरीच वर्षं गेली. गाडेवाल्यांना कर्ज कसं मिळतं ते टेबलाच्या आतल्या बाजूने बघितलंय म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

मामाने गाडा कधी टाकला? अंदाजे नव्वदच्या दशकात असावा. त्या काळात अशा मुलाने बँकेत येऊन म्हटलं मला वीस हजार पाहिजेत, तर पहिला प्रश्न यायचा जामीन कोण. दोन जामीनदार आणि ते शक्यतो सरकारी नोकरीवाले. मजुरी करणाऱ्या विधवा बाईच्या मुलाला सरकारी नोकरीवाला जामीनदार कुठून मिळणार? दुसरा प्रश्न घर कोणाच्या नावावर. मुंडकार म्हटल्यावर मॅनेजरची मान नकारार्थी हलायची, घर तुझं असलं तरी जमीन भाटकाराची ना. 1975 च्या मुंडकार कायद्याने घरातून काढता येत नाही आणि राहत्या घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क पण आहे, पण त्यासाठी मामलेदाराकडे नोंद लागते, केस लागते, तारखा लागतात, कामावर खाडा करून जावं लागतं. अनेक घरांत हे काम दुसऱ्या पिढीपर्यंत चालतं. म्हणून विचारून बघ तुमच्या घराचा कागद कधी झाला आणि मामाचा धंदा कधी मोठा झाला. मी न बघता सांगतो, दोन्ही जवळजवळ असणार.

दुसरी गोष्ट पिग्मी. उडुपीच्या बँकेने 1928 च्या सुमाराला काढलेली पद्धत, एजंट रोज दारात येणार आणि तुम्ही जमेल तेवढे पैसे द्यायचे, सुरुवातीला दोन आणेसुद्धा चालायचे. आपल्याकडे पतसंस्थांनी ती घराघरात नेली. गाडेवाल्याकडे ना सॅलरी स्लिप ना ताळेबंद, पण वर्षभर रोज भरलेलं पिग्मीचं बुक असलं की त्याच्यावर कर्ज मिळायचं. मी अशी बुकं बघितलीत, पावसाळ्यात आकडा कमी पण खाडा नाही. कष्ट म्हणजे नुसतं उठणं नव्हे, हे जे रोज थोडं बाजूला काढणं आहे ना, ते जास्त अवघड असतं माझ्या मते, विशेषतः घरात भूक असताना.

आज हे बरंच सोपं आहे. 2015 पासून केंद्राची मुद्रा कर्ज योजना आहे, शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाख, तरुण 10 लाख, तारण लागत नाही, आणि तरुणवालं कर्ज नीट फेडलं तर 2024 पासून 20 लाखांपर्यंत. गोव्यात ईडीसीची (राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाची) मुख्यमंत्री रोजगार योजना आहे ती वेगळी. म्हणजे आज कोणी मामासारखा मुलगा असेल तर त्याचे दहा वर्षं वाचतील. तारण न मागणाऱ्या योजनेत पण मॅनेजर हळूच काय काय मागतो ते मी इथे लिहीत नाही.


माडाची_पात

बाप रे, एवढं सगळं. रिटायर्ड कॅशियर काका तुम्हाला आमच्या घरात कोणी सांगितलं का? रात्री मामाला विचारलं. घराची केस आजीने सुरू केलेली, मामा लहान असताना, ती पेडण्याला चालत जायची तारखेला कारण बसचे पैसे वाचायचे, आणि कागद हातात आला त्याच्या पुढच्या वर्षी मामाने पहिलं मोठं कर्ज घेतलं, त्यातून मोठे टोप, गॅसच्या शेगड्या आणि जुना टेम्पो. हे सांगताना तो स्वतःच थांबला मधे. म्हणाला हे मी कधी असं जोडून बघितलंच नव्हतं.

भतग्राम सर, आजी अंगठाच देते. नाव लिहायला मी शिकवलं होतं पण बँकेत गेली की घाबरते आणि अंगठाच पुढे करते.

पिग्मी पण होती! म्हापशाला एक पोदेर होता तो पाव उधारीवर द्यायचा, संध्याकाळी पैसे, असं मामा म्हणाला. आणि ज्याच्या दुकानासमोर गाडा लावायचा त्याने पहिली दोन वर्षं भाडं घेतलं नाही, फक्त रात्री निघताना समोरची जागा झाडून ठेवायची. मी विचारलं मग हे लिहू ना, तर म्हणतो लिही पण माझा गाडा म्हणून लिही हां, त्यांचा नको. थोडा रुसला वाटतं.


सोलांवाली

मी सत्तरी तालुक्यातली, आमचा बायकांचा गट आहे, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलां (सुकवलेली कोकमं), मिस्कूट (कैरीचं लोणचं), फणसाची साटां, चतुर्थीला नेवऱ्यांच्या ऑर्डरी. पणजीच्या लोकोत्सवात दरवर्षी स्टॉल असतो. पुरुष मंडळींनी इतिहास भूगोल सगळा सांगितला, आता मी एक साधा प्रश्न विचारते. गाड्यावरची भाजी करायचं कोण?


माडाची_पात

अं... आजी. घरून जायची डब्यातून पहिल्या बसने. मसाला रगड्यावर वाटायची रात्री, कारण सकाळी वेळ नसायचा. मिक्सर खूप नंतर आला.


सोलांवाली

वाटलंच मला. मग आता हिशेब कर बाय, मी आमच्या गटात नवीन बायका आल्या की हाच शिकवते. आम्ही पहिल्या वर्षी आगळ विकलं तेव्हा सगळ्या खूश, एवढे पैसे आले. मग मी वही काढली. भिरंडं (कोकमाची फळं) किती, मीठ किती, बाटल्या, झाकणं, लेबल, पणजीला न्यायचं भाडं. सगळं वजा करून नफा राहिला. मग एका वयस्कर बाईने विचारलं आणि आमची मजुरी गो? भिरंडं झाडाखाली वेचली, फोडली, बिया काढल्या, उन्हात आत बाहेर केलं, मिठाचं पाणी चढवलं, त्याचे किती? दुसऱ्याच्या भाटात गेलो असतो तर रोज मिळाला असता. तो रोज धरून परत वजाबाकी केली तर नफा कुठे, आम्हीच धंद्याला पैसे देत होतो. त्यानंतर बाटलीचा दर वाढवला, दोन गिऱ्हाइकं गेली, गेली तर गेली.

तेच तुझ्या मामाच्या गाड्याला लाव. धर, रोज शंभर प्लेट भाजी, एक बाई रात्री दोन तास वाटते, पहाटे तीन तास रांधते, रगडा आणि चूल तिचीच. बाहेरून आचारी ठेवला असता तर त्याचा पगार गेला असता आणि मग गाड्याला काय उरलं असतं? थोडंच. जे उरलं आणि पिग्मीत गेलं आणि ज्याच्यावर कर्ज मिळालं त्यात आजीचा न दिलेला पगार आहे. आजी वर आली नाही असं तू लिहितेस. अगो ती आली की, फक्त पाटी मामाच्या नावाची लागली. भाटात राबली तेव्हा पावणी (काजूच्या बागेचा मक्ता) घेणाऱ्याच्या खिशात गेलं, गाड्यासाठी राबली तेव्हा लेकाच्या. दुसऱ्या वेळी तिला वाईट वाटलं नाही एवढाच फरक.

मामा वाईट आहे असं नाही हां. आमच्या घरात पण तेच आहे, माझ्या सासूबाईंनी माझी पोरं सांभाळली म्हणून मी स्टॉलवर उभी राहते. त्यांना गटाच्या वहीत मी मागच्या वर्षापासून धरते, नावानिशी. आधी त्या हसल्या, आता महिना संपला की विचारतात माझं किती झालं.


फोंड्याचो_फटिंग

सोलांवाली बाई, तुमच्याशी वाद घालायची हिंमत नाही, हिशेब बरोबर आहे. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. पोदेर उधार बऱ्याच जणांना देत असणार, त्यातले किती जण संध्याकाळी पैसे द्यायचे? त्या दुकानदाराने फुकट जागा अजून कोणाला दिली असती तर त्याने रात्री झाडून ठेवलं असतं का? लोकांनी विश्वास टाकला कारण पोरगं विश्वासाचं होतं. ते पण एक कर्तृत्वच ना. आणि आपल्याकडे धंदा बुडतो कुठे माहीत आहे का, पहिले पैसे हातात आले की. बुलेट घेतात, घरासमोर पोर्च बांधतात, चतुर्थीला मोठा गणपती. मामाने पहिल्या पैशाचं काय केलं ते विचार आणि ते लिही मानपत्रात, 'प्रतिकूल परिस्थिती' पेक्षा बरं वाटेल ऐकायला. (ती ओळ मीच सुचवली होती, परत घेतो.)


भतग्राम

फटिंगरावांशी पहिल्यांदाच सहमत. मानपत्रात विशेषणं जेवढी कमी तेवढं बरं. 'कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ' हे सगळ्यांच्याच मानपत्रात असतं, नावं बदलली तरी कोणाला कळणार नाही. रात्री समोरची जागा झाडून ठेवायचा, हे एकच वाक्य घे, माणूस डोळ्यासमोर उभा राहतो.


ट्रकवालो_सावर्डे

एक विचारू? रागावू नको. मामाचं कॅन्टीन मोठं झालं ते मोपाच्या विमानतळाच्या कामाच्या वेळी ना? आमच्याकडचे दोन ट्रकवाले तिकडे भरावाच्या कामाला होते ते सांगायचे पेडण्याचा कोणीतरी जेवण पुरवतो म्हणून.


माडाची_पात

हो, बरोबर. एका कंत्राटदाराच्या कामगारांचं दोन वेळचं जेवण मामाकडे होतं. करोनात सगळं बंद झालं तेव्हा तिथेच अडकलेल्या मजुरांना पण जेवण जायचं, त्यातले पैसे काही आले काही नाही आले. विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा तो कंत्राटदार गेला पण तोपर्यंत तुयेचे दोन कारखाने मिळाले होते.

आणि हो, मला माहीत आहे तुम्ही कुठे नेताय विषय. मोपाच्या पठारावर आमच्याच नात्यातल्या लोकांच्या काजीच्या बागा गेल्या. एक मावशी अजून मामाशी नीट बोलत नाही. मामाने बाग घेतली नव्हती कोणाची, त्याने भात घातला फक्त, पण तिला ते पटत नाही. मानपत्रात हे नाही लिहिणार मी.


ट्रकवालो_सावर्डे

नको लिहू. मानपत्र आहे ते. मी फक्त बोललो कारण एकाला मिळतं तेव्हा दुसऱ्याचं कुठेतरी जातं, आमच्याकडे खाणीत पण तेच झालं होतं, ट्रकवाला वर आला तेव्हा शेतकरी खाली गेला. मी तेव्हा शेतकऱ्यांशी भांडायचो. आता त्यांचाच नारळ वाहतो.


माडाची_पात

कच्चं लिहिलंय, सांगा कसं वाटतं. सुरुवात अशी:

"आपल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या या विद्यार्थ्याने म्हापशाला गाडा लावला तेव्हा त्या गाड्यावरची भाजी गावातून, पहिल्या बसने यायची. ती त्यांच्या मातोश्री करत. पाव एका पोदेराच्या विश्वासावर मिळे आणि जागा एका दुकानदाराच्या. रात्री गाडा आवरल्यावर ते त्या दुकानासमोरची जागा झाडून ठेवत. पहिल्या नफ्यातून त्यांनी जुना डीप फ्रीझर घेतला, स्वतःसाठी सायकल घेतली ती त्यानंतर तीन वर्षांनी. मातोश्रींनी पेडण्याच्या कचेरीत वर्षानुवर्षं चालवलेल्या मुंडकारपणाच्या दाव्याचा निकाल लागल्यावर घराचा कागद झाला आणि त्या कागदावर बँकेने कर्ज दिलं..."

मामाला वाचून दाखवलं. डीप फ्रीझरचं ऐकून खूश, फटिंग दादा थँक्स. मातोश्रीवाल्या ओळीला काही बोलला नाही, फक्त म्हणाला 'करत' नको, 'वीस वर्षं करत' असं लिही. आजीला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली भाजीत मी काय काय घालायची ते नको हां लिहूस, बाकी लिही.


रिटायर्ड_कॅशियर

छान. 'दाव्याचा' ऐवजी नोंदणी आणि खरेदी असं दोन टप्प्यांचं असतं ते, पण मानपत्रात चालेल. मामलेदार कचेरीतलं कोणी पाहुणा म्हणून येणार असेल तर 'वर्षानुवर्षं' हा शब्द जरा जोरात वाच.


फोंड्याचो_फटिंग

हाहाहा. कॅशियर साहेब नोकरीत असताना असं बोलायचे का?


सोलांवाली

चांगलं झालंय गो. आता माझं काम. तुझ्या मामाच्या किचनला आगळ लागत असणारच, सोलकढी, माशांची आमटी, एवढ्या माणसांचं जेवण. आत्ता कुठून घेतो? आमचं बिनरंगाचं, बिन पाणी घातलेलं आहे, फूड लायसन्सचं रजिस्ट्रेशन आहे, मी केलं तेव्हा बारा लाखांच्या आतल्यांना बेसिकवालं होतं, वर्षाला शंभर रुपये फी. पाच लिटरच्या कॅनमध्ये देऊ शकतो. विचार त्याला.


माडाची_पात

विचारलं. सॅम्पल पाठवा म्हणतो, आत्ताचं वेंगुर्ल्याकडून येतं आणि कधी कधी पातळ असतं. पण एक आहे, तो पैसे दोन महिन्यांनी देतो. कारखाने त्याला उशिरा देतात म्हणून तो पुढे उशिरा देतो, सगळ्यांनाच.


सोलांवाली

दोन महिने? स्वतः पोदेराला संध्याकाळी द्यायचा ना?


रिटायर्ड_कॅशियर

सोलांवाली ताई, तुमच्या गटाचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर ऑनलाइन करा, फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. एकदा ते झालं की 2006 च्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर केला तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. आणि आता इन्कम टॅक्समध्ये पण आलंय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. मामाच्या सीएला माहीत असणार. मामाला पण सांगा, त्याचं उद्यम असेल तर तोच नियम त्याने कारखान्यांना दाखवावा.


माडाची_पात

मामाने हे वाचलं, माझ्या खांद्यावरून. म्हणतो कारखान्याला कायदा दाखवला तर पुढच्या वर्षी टेंडर दुसऱ्याला जाईल. आगळवाल्या बाईंना तीस दिवसांत देतो म्हणाला, पण पहिल्यांदा दोनच कॅन पाठवा, आणि दर काय ते आधी सांगा.


सोलांवाली

दर मेसेजमध्ये टाकते. त्यात मजुरी धरलेली आहे हे सांगून ठेव, घासाघीस करायला बसू नको म्हणावं.